मशीनने हात आखडता घेतला तेव्हा

कळंबा म्हटलं की कोल्हापूरबाहेरच्या माणसाला दोनच गोष्टी ठाऊक असतात, तलाव आणि जेल. मी राहतो तो भाग आता बराच बदललाय. अपार्टमेंटं उठली, रिंगरोडला हॉटेलं लागली. तरी मागच्या गल्ल्यांतून अजून गोठे आहेत आणि संध्याकाळी सहा वाजले की किटल्या-बरण्या घेतलेली माणसं दूध संस्थेकडे निघालेली दिसतात. त्यातल्याच एका संस्थेच्या कॉम्प्युटरची ही हकिकत. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण जे बिघडलं ते माझ्या हातून बिघडलं.

कॉम्प्युटर मीच बसवून दिला होता. जुना असेंबल केलेला डबा, त्यात सेकंडहँड हार्डडिस्क, वर डेबियन लिनक्स. काटा आणि फॅट मशीन वायरने जोडलेले, शेजारी डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. उत्पादकाचा कोड टाकला की लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून बाकीचे घन घटक), दर आणि रक्कम असलेली पावती टरटर आवाज करत बाहेर येणार आणि नोंद डेटाबेसमध्ये जाणार. प्रोग्रॅमही मीच लिहिलेला. सगळं फुकटातलं सॉफ्टवेअर, त्यामुळे संस्थेचा खर्च जवळपास शून्य, आणि त्याचा मला जरा जास्तच अभिमान.

पावसाळ्याचे दिवस, 12 तारीख. संध्याकाळी साडेसहाला काउंटरवरच्या पोराचा फोन आला. "ओ सर, जरा येताय का? पावत्या येत्यात, पण खाली लाल ओळ येतीया सारखी."

गेलो. रांग दारापर्यंत होती. लाल ओळीत लिहिलं होतं, रीड-ओन्ली फाइल सिस्टीम. म्हणजे डिस्कवरचं वाचता येतंय, पण लिहिता काही येत नाही. जेलमध्ये मुलाखतीला जाऊन आलेल्या माणसाला हे पटकन कळेल. जाळीच्या पलीकडचं सगळं दिसतं, बोलता येतं, हातात मात्र काही देता येत नाही.

पावत्या कशा छापल्या जात होत्या, हे कोडं मला तिथे उभ्या उभ्या सुटलं आणि घाम फुटला. माझ्या प्रोग्रॅममध्ये आधी पावती छापायची आणि मग नोंद लिहायची असा क्रम होता. छपाई थेट प्रिंटरच्या पोर्टवर जायची. पोर्ट ज्या 'देव' नावाच्या फोल्डरात दिसतात तो फोल्डर डिस्कवर नसतोच, तो मेमरीत असतो, म्हणून त्याला कुलूप लागलं नव्हतं. सदतीस जण पावती घेऊन घरी गेले होते आणि त्यांच्या दुधाची नोंद कुठेच नव्हती.

आता मी काय केलं ते सांगतो. टर्मिनल उघडलं. अर्धी आज्ञा लिहून सवयीने टॅब दाबला, तर बॅशनेच तक्रार केली की तात्पुरती फाइल बनवता येत नाही. मुळालाच, म्हणजे रूट फाइल सिस्टीमलाच कुलूप लागल्याची ही ओळखीची खूण. मग जे सगळेच करतात ते केलं: 'माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /'. (आज्ञा इथे देवनागरीत आहेत, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं.) मशीनने नकार दिला. पुन्हा दिली, पुन्हा नकार. रांगेतून कोणीतरी म्हणालं, "बंद करून चालू करा की ओ." आणि मी केलं. दोन मिनिटांत मशीन उठलं, लाल ओळ गेली, दूध मोजणं सुरू झालं. सदतीस पावत्या घरोघरून मागवून हाताने भरल्या. सेक्रेटरी अण्णांनी चहा पाजला आणि मी खूश होऊन घरी आलो.

ती दोन मिनिटं मला पुढे फार महागात पडली.

लिनक्सची ईएक्सटीफोर ही फाइल सिस्टीम डिस्कवर लिहिताना जर्नल नावाची एक कच्ची वही ठेवते. आधी कच्च्या वहीत टाचण, मग पक्क्या वहीत नोंद. अचानक लाइट गेली तरी पुढच्या वेळी कच्ची वही वाचून हिशेब जुळवता येतो. पण कधी कधी पक्की वही वाचताना पानच फाटलेलं सापडतं. डिस्कवरचा एखादा ब्लॉक वाचता येत नाही, किंवा वाचला तर त्यातलं जुळत नाही. अशा वेळी काय करायचं याचे तीन पर्याय ईएक्सटीफोरला दिलेले असतात: तसंच पुढे चालू ठेव, लिहिणं थांबवून फक्त वाचू दे, किंवा सगळं मशीनच थांबव. डेबियन बसवताना रूटसाठी एफएसटॅब या फायलीत दुसरा पर्याय लिहिला जातो. म्हणजे त्या संध्याकाळी मशीन बिघडलं नव्हतं. आपल्याला हिशेब लागत नाही, आणखी लिहिलं तर आणखी चुकेल, हे ओळखून त्याने हात आखडता घेतला होता. माझ्या आज्ञेला नकार दिला तोही याच कारणाने. चूक सापडून जर्नल बंद पडलं की ईएक्सटीफोर चालू मशीनवर पुन्हा लिहू देत नाही. मी दोनदा विचारलं, त्याने दोनदा नाही म्हटलं आणि मी त्याची मानच धरून हलवली.

रीस्टार्टने आणखी एक नुकसान झालं. चूक नेमकी कुठे झाली हे कर्नल सांगत असतं, पण ते सांगणं मेमरीत साठतं. एरवी ते डिस्कवरच्या लॉगमध्ये उतरतं. डिस्कवर लिहिणंच बंद असेल तर उतरणार कुठे? चोरीची फिर्याद लिहायची वहीच चोरीला गेल्यासारखं. मशीन बंद केलं की मेमरीतलं सगळं पुसलं जातं. फाइल सिस्टीमच्या स्वतःच्या माहितीच्या पानावर, म्हणजे सुपरब्लॉकमध्ये, पहिली चूक केव्हा झाली, किती झाल्या याची जी नोंद राहते, तीही मशीन उठतानाच्या तपासणीत साफ होते. मी पुरावा धुऊन काढला होता, तोही चहा पिऊन.

त्यामुळे रूट रीड-ओन्ली झालेलं मशीन समोर आलं तर पहिल्यांदा मोबाइल काढा. 'डीमेसग' ही आज्ञा देऊन शेवटचा मजकूर बघा आणि स्क्रीनचे फोटो घ्या. पेनड्राइव्ह जोडून त्यावर उतरवता आलं तर उत्तमच, पण घाईत फोटोही चालतो. त्यात 'आय/ओ एरर' आणि शेजारी सेक्टरचा आकडा दिसला तर रोग डिस्कचा, वायरचा किंवा वीजपुरवठ्याचा आहे. तसलं काही नसून नुसतं ईएक्सटीफोरचं रडगाणं असेल, तर पूर्वी कधीतरी लाइट जाऊन हिशेब चुकला असण्याची शक्यता जास्त. हे बघायला मिनिटभरसुद्धा लागत नाही. रांगेतल्या माणसांना मिनिटभर थांबवता येतं. मला थांबवता आलं नाही, कारण चारचौघांत आपल्याला काही येत नाही असं दिसू नये ही धडपड.

इथे एक फरक सांगायलाच हवा, नाहीतर वाचणारा रीमाउंटच्या आज्ञेला कायमची घाबरेल. लिनक्स उठताना रूट बहुतेक वेळा आधी रीड-ओन्लीच जोडलं जातं, तपासलं जातं आणि मग एफएसटॅब वाचून लिहिण्यासाठी खुलं होतं. एफएसटॅबमध्ये हात घालताना चूक झाली, तर हा दुसरा टप्पा होत नाही. पासवर्ड विसरला म्हणून कर्नलच्या ओळीला शेल जोडून मशीन उठवलं तरी रूट रीड-ओन्लीच असतं. या दोन्ही वेळी डिस्क ठणठणीत असते. तिथे रीमाउंट करा, फाइल दुरुस्त करा, काम झालं. माझ्या ओळखीच्या एका वर्कशॉपमध्ये नवीन डिस्क जोडताना कोणीतरी यूयूआयडी या ओळखक्रमांकाचा एक आकडा चुकवला होता, तर चार तास 'हार्डडिस्क गेली' म्हणून सुतक पाळलं गेलं. म्हणजे मशीन उठताच रीड-ओन्ली आहे की चालता चालता झालं, हा प्रश्न आधी. आमचं चालता चालता झालं होतं.

आणि काही मशीनं मुद्दाम रीड-ओन्ली ठेवलेली असतात. रास्पबेरी पायमध्ये तशी सोयच आहे. ओव्हरले चालू केलं की कार्डावर काही लिहिलं जात नाही, जे लिहाल ते मेमरीत राहतं आणि बंद केल्यावर जातं. शेडनेटमधल्या पाण्याच्या वेळा सांभाळायला पाय लावणाऱ्या एका मित्राला मीच हे करून दिलं, आणि नंतर 'सेटिंग टिकत नाही' म्हणून त्याचाच फोन आला. असो.

पुढचे आठ दिवस काही झालं नाही. पावसाची झड लागलेली, लाइट लपंडाव खेळत होती आणि मशीन चालू होतं. 20 तारखेला रात्री साडेआठला अण्णांचा फोन. आमच्याकडे दुधाचं बिल दर दहा दिवसांनी होतं. 11 ते 20 चं बिल त्या रात्री काढायचं होतं.

"सर, काळा पडदा आलाय. इंग्लिशमदी काय तर लिवलंय. मी हात लावला न्हाई."

काळ्या पडद्यावर इनिटरॅमएफएसची कंसातली खूण होती आणि वर लिहिलेलं, की आपोआप दुरुस्ती जमत नाही, एफएससीके हाताने चालवा. एफएससीके म्हणजे फाइल सिस्टीम तपासून दुरुस्त करणारी आज्ञा. युनिक्सच्या जगात ही फार जुनी, 1970 च्या दशकातली. ती प्रत्येक चुकीपाशी थांबून विचारते, दुरुस्त करू का? पहिले दहा-बारा प्रश्न मी वाचले. मग कंटाळलो. बिल काढायचं होतं, अण्णा मागे उभे होते. मी ती थांबवली आणि '-वाय' लावून पुन्हा चालवली. म्हणजे जे काही विचारशील त्याला माझं होय समज.

कोऱ्या कागदावर सही दिल्यासारखंच ते होतं, फक्त तेव्हा मला तसं वाटलं नाही.

पडद्यावरून ओळी पळत होत्या. त्यातली एक जोडी पुन्हा पुन्हा येत होती. ब्लॉक वाचताना चूक, दुर्लक्ष करू? होय. जबरदस्तीने पुन्हा लिहू? होय. डिस्क तो ब्लॉक वाचू शकत नव्हती आणि मी सांगत होतो की जे हाताला लागलंय तेच त्या जागी लिहून टाक. असा ब्लॉक फायलींच्या सूचीचा, म्हणजे आयनोड टेबलचा असेल तर काय होतं? एक ब्लॉक 4096 बाइटचा, एक आयनोड साधारण 256 बाइटचा. म्हणजे एका ब्लॉकमागे 16 फायलींचा पत्ता पुसला जातो. फायलीतला मजकूर डिस्कवर कुठेतरी असतो, पण तो कोणाचा हे सांगणारं कोणी उरत नाही.

संपलं तेव्हा मशीन उठलं. डेटाबेसचा फोल्डर नव्हता. बॅकअपचा फोल्डर होता, आत काही नव्हतं. हो, रोज रात्री बॅकअप घ्यायची व्यवस्था मी केली होती, त्याच डिस्कवर. तिजोरीची दुसरी किल्ली तिजोरीतच ठेवण्याचा हा प्रकार मी दुसऱ्या कोणाकडे पाहिला असता तर हसलो असतो.

लॉस्ट+फाउंड या फोल्डरात साडेचारशेच्या आसपास फायली पडल्या होत्या. नावं गेलेली, नुसते आकडे. 'फाइल' नावाची आज्ञा आतला मजकूर हुंगून प्रकार सांगते, तिने दोन डेटाबेस शोधून दिले. एक एप्रिलमधला, दुसरा अर्धा तुटलेला. रात्री एक वाजता मी अण्णांना सांगितलं, दहा दिवसांची नोंद गेली.

त्यांनी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, "पावत्या हायत की लोकांच्याकडं."

140 उत्पादक, दिवसाला दोन वेळा, दहा दिवस. 2800 पावत्या. दुसऱ्या दिवशी सकाळच्या संकलनालाच सगळ्यांना सांगितलं आणि दुपारपर्यंत त्या यायला लागल्या. कोणी प्लॅस्टिकच्या पिशवीत, कोणी टाचणीला ओवून, कोणी कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवलेल्या तशाच उचलून. एका मावशींनी सकाळच्या आणि संध्याकाळच्या वेगळ्या रबरात बांधल्या होत्या, म्हशीच्या आणि गाईच्या पुन्हा वेगळ्या. माझ्या कॉम्प्युटरपेक्षा त्यांचं फाइलिंग चांगलं होतं, हे मी त्यांच्यासमोर कबूल केलं. एका पोराने त्यातल्या चार पावत्यांची होडी करून गटारीत सोडली होती. प्रिंटर डॉट मॅट्रिक्सचा होता हे नशीब. थर्मल कागद असता तर चुलीजवळच्या खिळ्यावर पार काळा पडला असता.

तीन दिवस मी आणि ते काउंटरवरचं पोरगं आकडे भरत बसलो. ताळा घ्यायला एक आधार होता. प्रत्येक वेळी संस्थेतून दूध संघाला किती लिटर गेलं याची चलनं होती, आणि गावात सुट्टं किती विकलं ते अण्णांच्या वहीत. दोन्हींची बेरीज आणि पावत्यांची बेरीज जुळली पाहिजे. वीस वेळांपैकी सतरा जुळल्या. उरलेल्या तीन वेळांत ज्यांच्या पावत्या नव्हत्या त्यांना आदल्या दिवसाचं दूध धरलं, फरक माझ्या बिलातून वळता केला. बिल चार दिवस उशिरा निघालं.

नंतर ती डिस्क घरी आणून 'स्मार्टसीटीएल -ए' लावलं. ही आज्ञा डिस्कचीच स्वतःबद्दलची नोंदवही दाखवते. 9 नंबरच्या ओळीत 41 हजार तास चाललेली दिसली, म्हणजे जवळपास पावणेपाच वर्षं अखंड. 197 नंबरची ओळ, वाचता न येणारे आणि निकाल लागायचे राहिलेले सेक्टर, 48. ही ओळ आणि 5 नंबरची, बदललेल्या सेक्टरची, शून्यावरून हलून वाढत गेली की डिस्कचा भरवसा सोडायचा. 199 नंबर वाढत असेल आणि बाकी ठीक असेल, तर आधी डेटाची वायर बदलून बघा, बऱ्याचदा रोग तिथेच असतो. हे सगळं मला 12 तारखेला दोन मिनिटांत दिसलं असतं. नुसतं वाचायचं होतं, आणि वाचायला तर मशीन तेव्हाही तयार होतं.

मग तेव्हा करायला काय हवं होतं? डीमेसगचे फोटो घेऊन, त्याच रीड-ओन्ली अवस्थेत डेटाबेसची फाइल पेनड्राइव्हवर उतरवून घ्यायला हवी होती. रीड-ओन्लीचा अर्थच वाचता येतं, पण घाबरलेल्या माणसाला त्यातला 'ओन्ली' तेवढा दिसतो. संकलन त्या दिवसापुरतं कागदावर. मशीन बंद करून दुसऱ्या पेनड्राइव्हवरच्या लाइव्ह लिनक्सने उठवायचं आणि दुखऱ्या डिस्कची नक्कल तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर करायची. त्यासाठी जीएनयूची 'डीडीरेस्क्यू' आहे. पहिल्या फेरीत '-एन' लावलं की ती अडलेल्या जागा सोडून सोपं तेवढं आधी उचलते, म्हणजे मरणाऱ्या डिस्कचा उरलेला श्वास वाया जात नाही. अडलेल्यांच्या मागे लागायचं दुसऱ्या फेरीत. कुठपर्यंत आलो याची मॅपफाइल तिला द्यायची, आणि ती तिसऱ्याच जागी ठेवायची, म्हणजे मधेच लाइट गेली तरी पुढून सुरू करता येतं. कळंब्याच्या पावसाळ्यात ही सोय लाखमोलाची.

एफएससीके चालवायची ती नकलेवर. आधी 'ई-टू-एफएससीके -एन', म्हणजे ती नुसतं बघून सांगते, कशाला हात लावत नाही. यादी दहा-वीस ओळींची असेल तर दुरुस्ती करा. पानंच्या पानं वाहायला लागली तर थांबा आणि आधी हव्या त्या फायली काढून घ्या. चालू, लिहिण्यासाठी जोडलेल्या फाइल सिस्टीमवर दुरुस्ती कधीही नाही. आणि एक बारीक गोष्ट, जी मला दुसऱ्यांदा रडवणार होती: नक्कल झाल्यावर दोन्ही डिस्कचा यूयूआयडी एकच असतो. दोन्ही जोडून मशीन उठवलं तर ते जुन्या डिस्कवरून उठेल की नव्या, याचा नेम नाही. जुनी काढून बाजूला ठेवा, वर मार्करने तारीख घाला.

आता संस्थेत नवीन एसएसडी आहे, छोटा यूपीएस आहे. नोंद लिहून झाल्याशिवाय पावती छापत नाही असा क्रम मी उलटा करून दिलाय. बॅकअपचे दोन पेनड्राइव्ह, एक दिवसाआड बदलायचे आणि काढलेला अण्णांनी घरी न्यायचा. महिन्यातून एकदा त्यातलाच डेटा माझ्या घरच्या मशीनवर उघडून मागच्या बिलाशी ताडून बघतो. प्रिंटर तोच, टरटर करणारा. थर्मल घ्या म्हणून दुकानदार मागे लागला होता, अण्णांनी घेतला नाही.

काउंटरच्या भिंतीला मी एक कागद चिकटवलाय. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय: लाल ओळ आली तर बंद करू नका, फोटो काढा, सरांना पाठवा. गेल्या महिन्यात पहाटे सहा वाजून दहा मिनिटांनी सलग नऊ फोटो आले. मी अंथरुणातून उठून चष्मा शोधेपर्यंत छातीत धडधडत होतं. नऊही फोटो प्रिंटरचे होते, वेगवेगळ्या बाजूंनी काढलेले. आत कागद अडकला होता. खाली लिहिलेलं, "सर, बंद केलं न्हाई. रांग थांबवून ठेवलीया."